गोळीने हिरडी बरी होते का?

कुणी भाजी निवडत असाल, कुणी गोठ्यातलं आवरत असाल, कुणी शेतावरून येऊन आत्ता कुठे टेकला असाल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज आपण हिरड्यांच्या दुखण्याबद्दल बोलणार आहोत. बैठकीत हा विषय आपणहून कुणी काढत नाही, कारण हे दुखणं आपण दुखणंच मानत नाही.

आम्ही गटांच्या मासिक बैठकांना जातो. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले की दहा-पंधरा मिनिटं आरोग्याच्या गप्पा होतात. "दात घासताना कुणाच्या हिरडीतून रक्त येतं का?" असं विचारलं की आधी सगळ्या एकमेकींकडे बघून हसतात. मग एकीचा हात वर होतो. दुसरी म्हणते, ऊस सोलला की चोथ्याला रक्त लागतं. तिसरी म्हणते, भाकरीचा कडक पापुद्रा लागला की हिरडी ठणकते. चौथी पदर तोंडाला लावूनच बोलते, कारण तोंडाला वास येतो हे तिला ठाऊक असतं. मग यावर करता काय, असं विचारलं की उत्तर बहुतेक ठिकाणी एकच येतं. "मेडिकलमधून दोन गोळ्या आणते. दोन दिवसांत उतार पडतो."

आज त्या दोन गोळ्यांबद्दलच बोलायचं आहे. आम्ही डॉक्टर नाही. कुणी कोणती गोळी घ्यावी हे आम्ही सांगणार नाही, ते दातांच्या डॉक्टरांचं काम आहे. पण गोळी काय करू शकते आणि काय करू शकत नाही, एवढं आपल्याला कळलं तर आपले दात वाचतील, पैसे वाचतील, आणि उद्या खरंच गरज पडेल तेव्हा तीच गोळी आपल्या कामाला येईल.

आधी दुखणं समजून घेऊ. आपण जेवतो, चहा पितो, त्यानंतर दातांवर एक पातळ, चिकट थर जमतो. जिभेने चाचपलं तर बुळबुळीत लागतो. हा थर म्हणजे जंतूंची वस्तीच असते. रोज नीट घासला तर तो निघून जातो. राहिला तर लाळेतला क्षार त्यावर बसतो आणि त्याचं कीटण होतं. हंड्याला आतून जसा पांढरा, टणक थर बसतो तसंच. कीटण घरच्या ब्रशने निघत नाही. त्याच्या खडबडीत अंगावर आणखी जंतू बसतात, आणि हिरडी सुजते, लाल होते, हात लावला तरी रक्त येतं. इथवर दुखणं पूर्ण बरं होण्यासारखं असतं.

पुढे मात्र हिरडी दातापासून सुटायला लागते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये खिसा तयार होतो. त्या खिशात आणखी जंतू, आणखी कीटण साचतं. दाताला धरून ठेवणारं हाड आतून झिजत जातं. आपल्याकडे याला पायरिया म्हणतात. दात लांब दिसायला लागतात, फटी पडतात, पू येतो, शेवटी दात हलतो. झिजलेलं हाड पहिल्यासारखं परत भरून येत नाही. आणि वाईट गोष्ट अशी की एवढं सगळं होईपर्यंत फारसं दुखत नाही. कीड लागलेला दात रात्रभर झोपू देत नाही, हिरडी मात्र वर्षानुवर्षं गुपचूप खराब होते. म्हणून चाळिशीत दात पडले की बायका म्हणतात, "वयच झालं." वयाने दात पडत नाहीत, मैत्रिणींनो. बहुतेक वेळा ते हिरडीच्या आजाराने किंवा किडीने जातात.

हा आजार थरामुळेच होतो, हे कसं कळलं? १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस या गावी हॅराल्ड लो नावाच्या दंतवैद्याने आणि त्याच्या सोबत्यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना त्यांनी दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा दात घासायला लावले, तर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. कुणाला एकही गोळी द्यावी लागली नाही. थर जमला की आजार झाला, थर काढला की तो गेला. आजच्या बोलण्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, थर म्हणजे जंतूच ना? मग जंतू मारायची गोळी घेतली की झालं. ब्रश कशाला आणि डॉक्टर कशाला?

त्यासाठी गावच्या पाण्याच्या टाकीकडे बघा. टाकीत टीसीएल पावडर टाकतात, त्याने पाण्यातले जंतू मरतात. पण टाकीच्या आतल्या भिंतीवर शेवाळाचा बुळबुळीत थर बसला असेल तर पावडर टाकून तो निघतो का? नाही निघत. माणूस आत उतरवून खराट्याने घासावं लागतं. टाकीवर धुतल्याची तारीख रंगवलेली असते ती उगीच नाही. पावडर आपलं काम करते, पण खराट्याचं काम ती करू शकत नाही.

दातांवर अगदी हेच घडतं. पोटात घेतलेली गोळी रक्तातून फिरते. दातावरच्या थरात रक्त जात नाही. हिरडीतून झिरपून थोडं औषध तिथे पोचतं, पण चिकट थराच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत पुरेसं पोचत नाही. आणि कीटण तर दगडासारखं. ते गोळीने विरघळत नाही, चूळ भरून विरघळत नाही, कुठल्याही मंजनाने विरघळत नाही.

ही गोष्ट माणसाला फार पूर्वी दिसली होती. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात ल्युवेनहोक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. स्वतः घासलेल्या भिंगातून बघायचा त्याला नाद. १६८३ साली त्याने आपल्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरला, आणि त्यात वळवळणारे बारीक जीव बघून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. त्याने व्हिनेगरने, म्हणजे शिरक्यासारख्या आंबट द्रावाने, चूळ भरून बघितली. वरवरचे जीव मेले, पण थराच्या आतले जिवंतच राहिले. सव्वातीनशे वर्षांहून जास्त काळ झाला, औषधं कितीतरी सुधारली, पण थराचं हे वागणं बदललेलं नाही.

मग दोन गोळ्यांनी दोन दिवसांत उतार कसा पडतो? त्याचं उत्तरही सोपं आहे. हिरडीच्या मांसात शिरलेल्या जंतूंवर गोळी काम करते, त्यामुळे पू आणि सूज थोडी कमी होते. शिवाय दोन गोळ्यांतली एक बहुतेक वेळा ठणका मारणारी असते. ठणका थांबला की आपल्याला वाटतं आजार गेला. पण खिशातलं कीटण जागच्या जागी असतं. महिना-दोन महिन्यांनी तिथलीच हिरडी पुन्हा फुगते, आणि आपण पुन्हा मेडिकलच्या पायरीवर उभ्या.

आमच्या एका गटातल्या ताईंचं असंच झालं. त्यांचं नाव घेत नाही, पण हे सांगायला त्यांनी स्वतः परवानगी दिली आहे. वय बेचाळीस. दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी खालच्या दातांपाशी हिरडी फुगायची. प्रत्येक वेळी गोळ्या. कधी तीन दिवसांच्या, कधी एकाच दिवसाच्या, कधी घरात कुणाच्या तरी तापातल्या उरलेल्या. ठणका थांबला की बाकीच्या गोळ्या मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवून द्यायच्या. शेवटी दात हलायला लागले तेव्हा आम्ही त्यांना उपजिल्हा रुग्णालयात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी रक्तातली साखर तपासायला लावली. साखर वाढलेली निघाली, ती ताईंना माहीतच नव्हती. मग साखरेचं औषध सुरू झालं, आणि तीन खेपांमध्ये दात आणि हिरडीच्या आतले खिसे साफ झाले. दोन दात काढावे लागले, बाकीचे राहिले. परतताना एसटीत त्या म्हणाल्या, "मग त्या दोन वर्षांच्या गोळ्यांनी केलं काय?" प्रश्न रास्त होता. गोळ्यांनी दुखणं झाकून ठेवलं, आणि झाकलेलं दुखणं आतून वाढत गेलं.

याचा अर्थ गोळी वाईट, असा मात्र नाही. हे नीट समजून घ्या, नाहीतर गरज असताना कुणी गोळी नाकारेल आणि ते जिवावर बेतेल. हिरडीच्या आजारात जंतुनाशक औषधाला त्याची जागा आहे.

मेट्रोनिडाझोल नावाची गोळी तुम्हाला ठाऊक असेल. जुलाबाला देतात, अंगावरून वास येणारं पाणी जातं तेव्हाही देतात. हिरडीला तिचा उपयोग होतो हे कळलं ते एका बाईमुळे. १९६२ साली इंग्लंडमधल्या एका दंतवैद्याने ही हकिगत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. एक बाई ट्रायकोमोनास या जंतूमुळे होणाऱ्या योनिदाहासाठी ही गोळी घेत होती. तिच्या हिरड्यांनाही व्रण झाले होते. गोळी सुरू केल्यावर तेही बरे व्हायला लागले. तिने ते आपल्यापाशीच ठेवलं नाही, सांगितलं. म्हणून पुढे हिरडीच्या त्या आजारावर हे औषध वापरात आलं. आपल्या शरीरात काय फरक पडतो ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं, ते यासाठीच.

मग डॉक्टर गोळी केव्हा देतात? एक, हिरडीत किंवा दाताच्या मुळाशी गळू होऊन सूज पसरते, ताप येतो तेव्हा. दोन, हिरड्यांच्या कडा कुजल्यासारख्या होऊन फार दुखतात, तोंडाला उग्र वास येतो आणि ताप किंवा गाठी येतात तेव्हा. तीन, आजार फार पुढे गेलेला असतो, किंवा कमी वयातच हाड झपाट्याने झिजत असतं, तेव्हा काही जणांना आतली सफाई करतानाच ठरावीक दिवस ॲमॉक्सिसिलीन आणि मेट्रोनिडाझोल देतात. तेही सरसकट सगळ्यांना नाही. कधी कधी औषधाची जेल खोल खिशात भरतात. या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. औषध सफाईच्या जोडीला असतं. सफाई टाळून नुसतं औषध, हा उपचार नाही. गळू असेल तर पू बाहेर काढावा लागतो, तो गोळीने जिरवत बसायचा नसतो.

क्लोरहेक्सिडीन नावाचं चूळ भरायचं औषधही डॉक्टर देतात. ते चांगलं आहे. सफाईनंतर, किंवा हिरडी इतकी दुखत असते की ब्रश लावता येत नाही, अशा वेळी दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे वापरायला सांगतात. ते गिळायचं नाही. पेस्टने दात घासल्यावर लगेच वापरलं तर त्याचा जोर कमी होतो, म्हणून मध्ये अर्धा तास जाऊ द्यायचा. महिनोन्महिने वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव बदलते. बाटली स्वस्त मिळाली म्हणून वर्षभर चुळा भरत बसायचं हे औषध नव्हे. कोमट मिठाच्या पाण्याने सुजलेल्या हिरडीला आराम पडतो, ते जरूर करा. पण कीटण त्यानेही निघत नाही.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीच तर चार गोष्टी आपण होऊन सांगायच्या. मी गरोदर आहे, किंवा दिवस राहिल्याची शंका आहे, किंवा अंगावर पाजते. मला अमुक गोळीने अंगावर गांधी उठल्या होत्या किंवा धाप लागली होती. मला साखर, रक्तदाब आहे, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आणि घरी आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत. डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या गरोदर बाईला आणि लहान मुलांना सहसा देत नाहीत, कारण मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. लोहाच्या लाल गोळीबरोबर त्या घेतल्या तर अंगी नीट लागत नाहीत. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू अजिबात चालत नाही, घरातल्या पुरुषमाणसाला ती लागली असेल तर हे आवर्जून सांगा. आणि गोळ्या जितके दिवस सांगितल्या तितके दिवस घ्यायच्या. कमी नाही, जास्तही नाही. उरल्या तर पुढच्या वेळेसाठी ठेवायच्या नाहीत, जावेला किंवा शेजारणीला तर मुळीच द्यायच्या नाहीत.

एवढी काळजी कशासाठी, तेही सांगतो. शेतात एकच फवारा पुन्हा पुन्हा, अर्धवट मात्रेत मारला तर पुढे कीड त्या औषधाला दाद देत नाही, हे आपल्याला माहीत आहे. कमकुवत कीड मरते, दणकट उरते, आणि तिचीच पैदास वाढते. माणसाच्या अंगातल्या जंतूंचंही तसंच आहे. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लावला. १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना त्यांनीच इशारा दिला होता की हे औषध दुकानात कुणालाही मिळायला लागेल, लोक ते अपुरं घेतील, आणि जंतू त्याला सरावतील. दात ठणकतो म्हणून आपण आज ज्या गोळ्या चण्या-फुटाण्यासारख्या खातो, त्याच जातीच्या गोळ्या उद्या सुनेच्या बाळंतपणात ताप आला, नातवाला न्यूमोनिया झाला, सासऱ्यांची जखम चिघळली तर लागणार आहेत. तेव्हा त्यांनी काम केलं पाहिजे ना?

आपल्या देशात या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा नियम आहे. त्या ओळखायच्या कशा? गोळ्यांची पट्टी उलटी करून बघा. त्यावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. केंद्र सरकारने २०१६ साली या लाल रेघेची मोहीमच काढली होती. वाचता येत नसलं तरी रेघ सगळ्यांना दिसते. मेडिकलमध्ये गेलात तर एवढंच विचारा, "भाऊ, यावर लाल रेघ आहे का?"

आता एक महत्त्वाची गोष्ट, कान देऊन ऐका. दातामुळे सूज गालावर चढली, डोळ्याखाली किंवा हनुवटीखाली गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास जड झाला, किंवा थंडी वाजून ताप आला, तर घरी थांबायचं नाही. उद्या बघू नाही, बाजाराच्या दिवशी जाऊ नाही. त्याच घडीला दवाखाना गाठायचा, रात्र असेल तर १०८ नंबरची गाडी बोलवायची. तिथे जंतुनाशक औषध लागतं, आणि ते वेळेवर लागतं.

हिरडीच्या आजाराला खतपाणी घालणाऱ्या तीन गोष्टी आपल्या बायकांमध्ये जास्त दिसतात. पहिली साखर. मधुमेह असेल तर हिरडी लवकर बिघडते, आणि बिघडलेल्या हिरडीमुळे साखरही आटोक्यात राहत नाही. हिरडीचा उपचार केला तर साखरेलाही थोडाफार फायदा होतो. हिरडी वारंवार फुगत असेल तर उपकेंद्रात साखर तपासून घ्या. दुसरी गोष्ट गरोदरपण. त्या दिवसांत शरीरातल्या बदलांमुळे हिरड्या पटकन सुजतात, रक्त येतं. "पोटुशी बाईने दाताला हात लावू नये" असं घरात म्हणतात. ते खरं नाही. डॉक्टरांना महिने सांगून दात साफ करून घेता येतात, चौथा ते सहावा महिना त्याला सोयीचा असतो.

तिसरी गोष्ट मशेरी. हा विषय काढला की बैठकीत शांतता पसरते. दात दुखतो म्हणून लावली, मग सवय लागली, असं पुष्कळ जणी सांगतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने क्षणभर बधिर वाटतं, पण रोज जिथे घासतो तिथली हिरडी खाली सरकते, दाताची मुळं उघडी पडतात, उपचार केले तरी हिरडी लवकर भरून येत नाही, आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती राहतेच. गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. एका दिवसात सुटत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून कुणाला नावं ठेवायची नाहीत. दिवसातून चारदा लावत असाल तर तीनदा, मग दोनदा असं उतरत या. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन नंबर आहे, १८००-११२-३५६. त्याला पैसे पडत नाहीत. गटातल्या दोघी-तिघींनी मिळून सोडायचं ठरवलं तर सोपं जातं.

मग रोज करायचं काय? मऊ ब्रश घ्या. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा, दोन-दोन मिनिटं दात घासा. रात्रीचं चुकवू नका. ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरका धरून हलक्या हाताने फिरवा, भांडी घासल्यासारखं खसाखसा नको. थोडं रक्त आलं तर घाबरून घासणं बंद करू नका. तिथेच थर साचलेला असतो, थर गेला की रक्त थांबतं. दोन आठवडे नीट घासूनही रक्त येत राहिलं तर आत कीटण आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. राखुंडी, विटेची पूड, कोळसा यांनी दात झिजतात. कडुलिंबाची काडी वापरत असाल तर चावून मऊ कुंचा करून वापरा. सेफ्टी पिन, सुई, काडेपेटीची काडी दातात घालू नका.

आणि कीटण असेल तर ते काढून घ्या. "दात साफ केले की हलतात, फटी पडतात, डोळे जातात," असं तुम्ही ऐकलं असेल. डोळ्यांचा याच्याशी काही संबंध नाही. फटी आधीच पडलेल्या असतात, त्यात कीटण भरलेलं असतं. ते निघालं की फट दिसते. हलणारा दात कीटणाच्या आधाराने उभा असतो, म्हणून तो आणखी हलल्यासारखा वाटतो. चार दिवस गार-गरम लागतं, मग हिरडी आवळते.

हे कुठे करून मिळेल? जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांत दातांचे डॉक्टर असतात. आशाताईंना विचारून त्यांचे वार समजून घ्या, म्हणजे खेप फुकट जाणार नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे कमी खर्चात काम होतं.

गट म्हणून आपण तीन गोष्टी करू शकतो. पहिली, पुढच्या बैठकीत रक्त, पू, हलणारा दात, वास या चार गोष्टी प्रत्येकीला विचारायच्या. लाज वाटत असेल तर कोपऱ्यात बोलावून विचारायच्या. दुसरी, ज्यांना गरज आहे अशा पाच-सहा जणींनी एकाच दिवशी मिळून रुग्णालयात जायचं. एकटी बाई दातासाठी दिवस मोडत नाही, घरचेही सोडत नाहीत. गटाचं काम म्हटलं की सोडतात. तिसरी, दातांच्या उपचाराला गटातून अंतर्गत कर्ज द्यायचं. शेळीला, बियाण्याला आपण कर्ज देतोच. दाताला मागितलं तर "हे काय कारण झालं?" असं कुणी म्हणू नये. भाकरी चावता आली नाही तर बाई निम्मं जेवते, आणि निम्मं जेवणाऱ्या बाईच्या अंगात रक्त कुठून येणार?

मैत्रिणींनो, आज घरी एक काम करा. फळीवर, डब्यात, देवघराच्या मागे उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असतील त्या काढा. उलट्या करून लाल रेघ बघा. त्या गोळ्या पुढच्या ठणक्यासाठी जपून ठेवू नका, चुलीत किंवा ओढ्यातही टाकू नका. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात नेऊन द्या. आणि आज रात्री झोपायच्या आधी दोन मिनिटं दात घासा. लेकींनाही सोबत घ्या.